केबिनच्या सरकत्या खिडक्या: ट्रॅक खाल्लाय, फेल्ट कुजलंय, पाणी आत येतंय

शापोराकाठ

नमस्कार. फायबरची २८ फुटी बोट, सध्या गोव्यात शापोरा नदीच्या काठावर ओढून ठेवलेली. केबिनला प्रत्येक बाजूला दोन, अशा चार सरकत्या खिडक्या आहेत. भिंतीतलं भोक ९०० × ४५० मिमी, कोपरे काटकोनी. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम बाहेरून स्क्रूने बसवलेली, वर-खाली दुहेरी चॅनल, त्यात फेल्ट (काच धरणारी लवदार पट्टी) आणि ५ मिमीच्या टफन्ड काचा.

खालच्या चॅनलमध्ये पांढरी भुकटी साचते. ती खरवडली की खाली खड्डे दिसतात, आणि दोन खिडक्यांत ट्रॅक आरपार गेलाय. फेल्टचा लगदा झालाय, काच दोन्ही हातांनी ढकलावी लागते. स्क्रू जागचे हलत नाहीत. आतून खिडकीखालचं प्लाय काळं पडलंय.

फॅब्रिकेटर म्हणतो घराच्या खिडकीचं पाऊण इंची सेक्शन टाकून देतो, बेअरिंगवर लोण्यासारखी सरकेल. चालेल का? काच ठेवावी की अ‍ॅक्रिलिक घालावं? सीलंट कोणता? आणि हे काम जून-जुलैत झालं तर चालेल का, की आत्ताच मे महिन्यात उरकावं?

काचकाम बार्देश

फेल्ट मागवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. सरकती खिडकी पाणी अडवायला बनवलेली नसतेच. दोन काचा एकमेकींवरून सरकायच्या तर मध्ये फट राहणारच. पाणी खालच्या ट्रॅकमध्ये उतरणार हे धरूनच ती बनवतात. ट्रॅक ही पन्हळ आहे आणि बाहेरच्या कडेला तिची भोकं आहेत. ती भोकं मिठाने, वाळूने, फेल्टच्या धाग्यांनी बुजली की पन्हळ भरते आणि आतल्या काठावरून सांडते. मग लोक रबर बदलतात, सिलिकॉन थापतात, कधीकधी ती भोकंच सिलिकॉनने बंद करतात आणि पुढच्या पावसात आणखी पाणी येतं म्हणून शिव्या देतात.

तेव्हा आधी पाणी कुठून येतं ते पाहा. वाटा तीनच. आतून मगने ट्रॅकमध्ये सावकाश पाणी ओता. बाहेरून धार लागली तर भोकं ठीक आहेत. धार न लागता आतलं प्लाय ओलं झालं तर ट्रॅक फुटलाय किंवा कोपऱ्याचा जोड उघडलाय. दुसरी वाट फ्रेमच्या मागून. काचांवर आणि मधल्या जोडावर प्लास्टिक लावून सगळ्या बाजूंनी मास्किंग टेप मारा आणि फक्त फ्रेमच्या बाहेरच्या कडेवर नळीने पाणी सोडा. नळीला नोझल नको, नुसतं वाहतं पाणी हवं. खालच्या कडेपासून सुरुवात करून प्रत्येक कडेला पाच मिनिटं द्या, मग वर सरका. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. शेवटी प्लास्टिक काढून तेच करा. आता जे येईल ते काचांमधून येतंय.

तुमच्या वर्णनावरून तिन्ही वाटा उघड्या असणार, पण तरी करा. चारही खिडक्या एकाच कारणाने गळत असतील असं नाही.

आता वाऱ्याचं. हे फॅब्रिकेटर सांगत नाहीत. बाहेर वारा दाबतो तेव्हा ट्रॅकमधलं पाणी भोकातून बाहेर पडण्याऐवजी आत चढतं. ताशी ३६ किमीचा वारा, म्हणजे सेकंदाला १० मीटर, साधारण ६ मिमी उंचीचं पाणी तोलून धरतो. ताशी ६० किमीला तेच १७ मिमी होतं, ७२ ला २४ मिमी. ट्रॅकचा आतला काठ ९ मिमी असेल तर पावसाळी झोडीत पाणी त्यावरून चढून आत येणारच, रबर कितीही नवं असो. उपाय एकच, आतला काठ उंच करायचा. खालच्या चॅनलच्या आतल्या बाजूला २५ × १२ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम अँगल उभा लावा, जोडात सिलिकॉन भरा आणि दोन्ही टोकं बंद करा. काच त्याला अडत नाही, कारण ती त्याच्या बाहेरच्या अंगाने सरकते.

पाऊण इंची घरगुती सेक्शनबद्दल: नको. घराची खिडकी सहज सरकावी म्हणून बेअरिंगवर असते. बोटीत उलटं हवं. बोट डोलली की बेअरिंगवरची काच आपोआप उघडते, बंद होते, बोटं चिरडते. बोटीत काच थोडी अडूनच सरकली पाहिजे आणि हवी तिथे थांबली पाहिजे. ते काम फेल्ट करतं. शिवाय त्या बेअरिंगची पिन आणि जोडाचे स्क्रू साध्या लोखंडाचे असतात. खाऱ्या हवेत एक मोसम गेला की बेअरिंग फिरायचं थांबतं आणि ट्रॅक घासून खातं.

सेक्शनचा पत्रा किमान दीड मिमी पाहा. अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर चढवतात तो संरक्षक थर, २५ मायक्रॉन मागा; फॅब्रिकेटरकडच्या तयार मालावर बहुधा याहून बरंच पातळ असतं. भोकं आणि काप अ‍ॅनोडायझिंगच्या आधी मारून घ्या, नाहीतर कापलेली कड उघडीच राहते. पावडर कोटिंगचा मोह नको. कापलेल्या टोकातून मीठ आत शिरतं आणि रंगाखालून अळीसारखी गंजाची रेघ धावते.

मालिम तांडेल

ट्रॉलरच्या व्हीलहाऊसला (सुकाणूच्या केबिनला) इथे सगळे पॉलियुरेथेन सीलंट लावतात, काळ्या किंवा पांढऱ्या ट्यूबमधलं. वर्षानुवर्षं गळत नाही. एवढं कशाला करायचं?

मात्र मासेमारी बंदीच्या दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, सगळ्या जेट्यांवर एकाच वेळी काम निघतं. सुतार, वेल्डर, फायबरवाला कोणीच हाताशी लागत नाही. सामान मे महिन्यातच आणून ठेवा.

फायबरवाला वास्को

तांडेलबाब, गळत नाही हे खरं, पण निघतही नाही. पॉलियुरेथेन फायबरला इतकं धरतं की पुढच्या खेपेला फ्रेम ओढली की जेलकोटचे (फायबरवरच्या चकचकीत थराचे) टवके सोबत येतात. खिडकीची फ्रेम ही दर आठ-दहा वर्षांनी काढायची गोष्ट आहे. ती स्क्रूने धरली जाते, सीलंटने नाही. सीलंटने फक्त फट भरायची. लाकडी व्हीलहाऊसला कायमची बसवलेली जाड काच असेल तर तुमचं बरोबर आहे, तिथे पॉलियुरेथेन शोभतं. अ‍ॅक्रिलिकला मात्र ते प्रायमरशिवाय लावू नका, आणि पॉलिसल्फाइड तर अ‍ॅक्रिलिक-पॉलिकार्बोनेटच्या जवळही नको. प्लास्टिकला बारीक भेगा पडतात.

या फ्रेमला ब्युटाइल टेप लावा. ३ मिमी जाड, २० मिमी रुंद, दोन्ही बाजूंनी चिकट. एका फ्रेमचा घेर २.७ मीटर, चारांचे १०.८. स्क्रूभोवती लावायच्या वेटोळ्या धरून १२ ते १३ मीटर घ्या. विकत घेताना फसू नका. छपराच्या गळतीची, वर चांदीचा कागद असलेली टेप बऱ्याचदा डांबराची असते. आपल्या उन्हात ती वितळून काळे ओघळ येतात. एसीच्या पाइपला गुंडाळतात ती काळी चिकट पट्टीही ही नव्हे. खरं ब्युटाइल बोटांनी ताणलं की च्युइंगमसारखं तार धरतं आणि वासाला डांबर येत नाही.

लावायची रीत: फ्रेमच्या मागच्या कडेवर टेप बसवा. प्रत्येक स्क्रूच्या मानेभोवती वाटाण्याएवढं ब्युटाइल वळवा. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळा. पहिल्या दिवशी पूर्ण आवळायचं नाही. ब्युटाइल सावकाश पसरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा, आठवड्याने पुन्हा. बाहेर आलेलं टेप लाकडी पाचरीने कापून काढा. एकाच दमात आवळलं तर फ्रेम स्क्रूच्या जागी आत ओढली जाते आणि दोन स्क्रूंच्या मध्ये फुगते. मग ट्रॅक लाटेसारखा होतो आणि काच मध्येच अडते. काच अडण्याचं हे कारण कोणी धरत नाही, सगळे फेल्टलाच दोष देतात.

आता फ्रेम काढणं. स्टेनलेसचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेत म्हणजे तिथे खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी झाली. अ‍ॅल्युमिनियम झिजतं, त्याची भुकटी फुगते आणि स्क्रूला आवळते. १०० वॉटची सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटं टेकवा, थंड होऊ द्या, मग नेमक्या मापाच्या बिटने भार देऊन फिरवा. हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरू नका, मागे पातळ फायबर आहे. डोकं गुळगुळीत झालं तर ४.५ मिमीच्या ड्रिलने डोकंच उडवा, फ्रेम निघाल्यावर उरलेली दांडी पकडीने फिरते. फ्रेम पेचकसाने कोपऱ्यातून उचकटायची नाही. पातळ पुटी नाइफ सरकवून थोडी जागा करा आणि सीलंट तारेने कापा. साधा तंगूस ताणतो आणि तुटतो. गळाची विणलेली दोरी दोन्ही टोकांना लाकडी मूठ बांधून करवतीसारखी ओढली की चांगली कापते.

जुनं सिलिकॉन असेल तर ते काढणं हाच कामाचा मोठा भाग समजा. त्यावर काहीच नीट चिकटत नाही, नव्या सिलिकॉनचाही भरवसा नाही. ब्लेडने खरवडा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. आधी खरवडायचं, मगच घासायचं. उलटं केलं तर पेपर सिलिकॉन जेलकोटच्या रंध्रांत चोळून बसवतो.

आणि आता तुमचं काळं प्लाय. खरं काम इथेच आहे. भिंतीचं सँडविच आहे: बाहेर फायबर, मध्ये प्लाय, आत फायबर. भोक कापलं तेव्हा प्लायची कड उघडी सोडली असणार, बहुतेक बोटींवर तशीच असते. ड्रिलमध्ये एल-आकाराची वाकवलेली खिळ्याची दांडी घालून कडेपासून १२ मिमी आतपर्यंत प्लाय कोरून काढा. ओलं-मऊ लागत असेल तर घट्ट लागेपर्यंत पुढे जा. फक्त खालची कड गेली असेल आणि प्लाय ९ मिमी असेल तर एका खिडकीला सुमारे १०० मिली इपॉक्सी लागेल. चारही कडा भरल्या तर सुमारे ३०० मिली. त्यात कोलॉइडल सिलिका घालून पीनट बटरएवढं घट्ट करा, सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने आतून बाहेर भरत या. जुनी स्क्रूभोकं ८ मिमीने मोठी करून तीही भरा. घट्ट झाल्यावर नवी भोकं पाडा. आता स्क्रू लाकडात नाही, इपॉक्सीत बसेल आणि पाणी प्लायला पोचणार नाही.

म्हणून मे की जून या प्रश्नाचं उत्तर: फ्रेम आजच काढा. प्लाय उन्हात वाळवणं आणि इपॉक्सी भरणं मिरगाच्या आधी झालं पाहिजे. जुलैत आपल्याकडे उघडं प्लाय महिनाभर ठेवलं तरी वाळत नाही, उलट ओलावा घेतं. ओलं प्लाय इपॉक्सीत कोंडलं की ते आतल्या आत कुजतं. शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. दुसरा हात द्यायचा असेल तर आधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने तो धुवावा लागतो. थिनरने तो निघत नाही, नुसता पसरतो. भोकं प्लास्टिकने आणि फळीने झाकून ठेवा आणि फ्रेम बसवण्याचं काम खुशाल जुलैत करा. ब्युटाइलला हवेतल्या दमटपणाचं काही नाही, फक्त दोन्ही पृष्ठभाग कोरडे हवेत. सकाळी फायबरवर दव दिसत नसलं तरी असतं. कोरड्या फडक्याने पुसून दोन मिनिटं हेअर ड्रायर फिरवा.

स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचेच घ्या. ३०४ वर समुद्राकाठी चहासारखे तपकिरी डाग पडतात आणि त्याखाली बारीक खड्डे. चुंबकाने हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, पॅकेटवर ए४ असा शिक्का बघा. प्रत्येक स्क्रूच्या दांडीला ड्युरालॅक किंवा टेफ-जेल (दोन धातू वेगळे ठेवणारी पेस्ट) लावा आणि डोक्याखाली नायलॉनचं वॉशर. पुढच्या वेळी सोल्डरिंग आयर्न काढावी लागणार नाही.

शापोराकाठ

खूपच उपयोगी. एक फ्रेम काढली. मापं: चॅनलच्या तळापासून वरच्या चॅनलच्या तळापर्यंत ४३० मिमी, आडवं तळ ते तळ ८८०. खालचं चॅनल ९ मिमी खोल, वरचं १८. चॅनलची आतली रुंदी साडेनऊ मिमी. दोन फ्रेमचा फक्त खालचा दांडा गेलाय, बाकी बरं आहे.

बसबॉडीचं सामान विकणाऱ्या दुकानात फेल्ट चॅनल मिळतं, स्वस्त आहे. ते चालेल का? किती मीटर घेऊ? आणि काच नवी करायची तर कोणत्या मापाची?

काचकाम बार्देश

बसच्या फेल्टची रचना बरोबर आहे. बसची काचही अशीच अडून सरकते. पण दुकानात जाताना चुंबक घेऊन जा. बहुतेक बस आणि जुन्या मोटारींच्या फेल्ट चॅनलच्या पोटात लोखंडी पत्रा असतो. खाऱ्या पाण्यात तो गंजून फुगतो आणि काचेला दोन्ही बाजूंनी चिमटतो. तुमच्या काचा घट्ट झाल्यात त्या बहुधा याचमुळे. चुंबक चिकटला तर परत ठेवा. पोटात अ‍ॅल्युमिनियम किंवा नुसतं कडक प्लास्टिक असलेलं घ्या, आणि लव पॉलिस्टरची हवी. सुती किंवा लोकरीचं फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि बुरशी धरतं. ओळखायला एक धागा काडीने पेटवा. पॉलिस्टर वितळून गोळी होते, सुताची राख होते.

खालच्या ट्रॅकमध्ये फेल्ट घालूच नका, हे माझं ठाम मत. खाली ते नुसतं ओल्या फडक्याचं काम करतं आणि भोकं बुजवतं. खाली एचडीपीईची यू पट्टी बसवा, मासळी कापायचे पांढरे बोर्ड ज्या प्लास्टिकचे असतात तेच. लव फक्त वर आणि बाजूला. म्हणजे वर दोन ओळी मिळून १.८ मीटर, बाजूला प्रत्येकी एक काच म्हणून ०.९, एका खिडकीला २.७ मीटर. चारांचे १०.८, कापाकापीसह १२ मीटर फेल्ट. खालची प्लास्टिक यू १.८ प्रमाणे ७.२, म्हणजे ८ मीटर. ती ट्रॅकच्या भोकांसमोर अर्धगोल कापायला विसरू नका, नाहीतर भोकं पुन्हा बुजली. मधल्या जोडासाठी चिकट पाठीची ब्रश पट्टी, ६ मिमी लव, खिडकीला ४२० मिमी.

लव पट्टी चॅनलमध्ये चिकटवायची गरज नसते, ती आपल्या तणावाने बसते. ताणून मात्र लावू नका. मोकळी टाका, रात्रभर पडू द्या, मग कापा. रोलमधून ओढलेली पट्टी नंतर आखडते आणि कोपऱ्यात ८-१० मिमीची फट उघडते.

काचेची मापं. उंची: काच आधी वरच्या चॅनलमध्ये पूर्ण वर ढकलून खालच्या काठावरून आत घ्यायची असते. ४३० मधून खालची खोली ९ वजा, वर २ मिमी मोकळीक, म्हणजे ४१९. ती खाली बसली की वरच्या चॅनलमध्ये ७ मिमी राहते, ते पुरेसं आहे. पण ही आकडेमोड जुन्या तळाची झाली. खाली दीड मिमीची प्लास्टिक यू आली की काच दीड मिमीने वर बसते, आणि वरच्या फेल्टचा तळ एक मिमी खातो. त्यामुळे यू आणि फेल्ट प्रत्यक्ष बसवून मगच तळ ते तळ पुन्हा मोजा. यू चे कान मूळ काठापेक्षा उंच राहिले तर तेही धरा. रुंदी: ८८० मधून दोन्ही बाजूंची मोकळीक ४ वजा, मधला एकमेकींवर येणारा भाग ३० मिळवा, अर्धं करा, ४५३.

टफन्ड काच भट्टीतून आल्यावर कापता येत नाही की कड घासता येत नाही, आख्खी भुगा होते. म्हणून मापं शेवटच्या टप्प्यात द्या, आणि हँडलचं भोक किंवा खाच हवी असेल तर तीही आधीच सांगा. तुमच्या जुन्या काचा शाबूत असतील तर नव्या घेऊच नका, त्यांच्यावरून प्लास्टिक यूची जाडी निवडा.

अ‍ॅक्रिलिक? हलकं आहे. या मापाची ५ मिमी काच सुमारे २.४ किलो, ६ मिमी अ‍ॅक्रिलिक १.४ किलो. पण सरकत्या खिडकीत वाळूचे कण लवेत बसतात आणि अ‍ॅक्रिलिकवर एका मोसमात आडव्या रेघा उमटतात. शिवाय कास्ट अ‍ॅक्रिलिकची जाडी शीटभर सारखी नसते. ६ म्हणून घेतलेली कुठे साडेपाच, कुठे साडेसहा भरते. चार जागी व्हर्नियर लावल्याशिवाय चॅनल ठरवू नका. काचेपेक्षा ते सात-आठ पट प्रसरण पावतं, ४५० मिमीला ३० अंशाच्या फरकाने जवळजवळ १ मिमी. तरीही घातलंत तर काच साफ करायचं अमोनियावालं पाणी, थिनर, अ‍ॅसिटोन काही लावू नका. साबणाचं पाणी, बस.

फायबरवाला वास्को

दोन फ्रेमचा खालचा दांडा आरपार गेलाय तो नवाच घाला, इपॉक्सीने बुजवत बसू नका. बाकी दोघांचे खड्डे पितळी नव्हे, नायलॉनच्या ब्रशने साफ करून इपॉक्सीने भरा. पितळेचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतले की तिथेच नवा खड्डा.

खालचे कोपरे ४५ अंशात जुळवताना जोडाच्या दोन्ही तोंडांना सिलिकॉन लावूनच आवळा. कोरडा जोडून वरून बोट फिरवलं तर ते सहा महिन्यांत सुटतं. ट्यूबवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं पाहा. जीपी म्हणून मिळतं ते बहुधा व्हिनेगरच्या वासाचं असतं. त्यातलं आम्ल अ‍ॅल्युमिनियम खातं. ३०० मिलीची एक ट्यूब ६ मिमीच्या ओळीला साधारण दहा मीटर जाते, तुम्हाला जोड आणि आतला अँगल धरून दोन पुरतील. सुकायला दिवसाला दोन-तीन मिमी धरा.

मग बोटीवर नेण्याआधी फ्रेमची परीक्षा जमिनीवरच घ्या. वर्तमानपत्रावर ठेवा, पाणी जायची भोकं आतून टेपने बंद करा, खालचा ट्रॅक काठोकाठ भरा आणि अर्धा तास सोडा. कागद ओला झाला तर कुठला कोपरा ते लगेच दिसतं. भिंतीवर चढवल्यावर हेच शोधायला दिवस जातो.

भोकांबद्दल: गोल ४ मिमीची नकोत, त्यात पाण्याचा थेंबच अडकून बसतो. ५ × २० मिमीची लांबट खाच, चॅनलच्या तळाला अगदी लागून. तळापासून २ मिमी वर राहिली तर तेवढं खारं पाणी कायम साचतं आणि तुमची पांढरी भुकटी तिथूनच सुरू होते. ९०० च्या ट्रॅकला दोन, टोकांपासून ५० मिमीवर. त्यातली मागच्या बाजूची जास्त महत्त्वाची, कारण बोट चालताना नाक वर उचलते आणि सगळं पाणी मागे धावतं. आतल्या ट्रॅकचं पाणी बाहेरच्या ट्रॅकमध्ये जायला मधल्या काठालाही खाच हवी, पण ती बाहेरच्या खाचेसमोर नको, ६०-७० मिमी सरकवून. समोरासमोर असल्या की लाटेचा शिंतोडा पिचकारीसारखा सरळ आत येतो.

साळकाठचा फिटर

एक वेगळी सूचना. प्रत्येक खिडकीतली पुढची काच कायमची पक्की करा, फक्त मागची सरकू द्या. पुढच्या काचेच्या तीन बाजूंना न्यूट्रल सिलिकॉन, लव नाही. गळायच्या जागा जवळजवळ निम्म्या होतात आणि वारा तर मागची उघडली तरी पुरेसा येतो. मात्र बोट प्रवासी म्हणून नोंदवलेली असेल आणि ती खिडकी आणीबाणीत बाहेर पडायची वाट धरलेली असेल तर सर्वेअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि ट्रॅकला खोबरेल तेल लावायची आपल्याकडची सवय सोडा. दोन दिवस छान सरकतं, मग धूळ-मीठ धरून त्याची काळी पेस्ट होते आणि वर बुरशी. ग्रीस आणि डब्ल्यूडी-४० चंही तेच, वर ईपीडीएम रबर त्यांनी फुगतं. कोरडा सिलिकॉन स्प्रे, तोही लवेवर, तळाला नाही.

शापोराकाठ

पुढची काच पक्की करायची कल्पना आवडली, बोट खासगी आहे. पण मागची काच उघडी असताना बोट डोलली तर ती सरकणार नाही ना? आधीच्या खिडकीला नुसती फेल्टची पकड होती.

साळकाठचा फिटर

नवी लव पहिल्या वर्षी धरते, नंतर नाही. खालच्या ट्रॅकला आतून बाजूचा स्क्रू बसवा: नायलॉनचा, ६ मिमी, हाताने पिळायच्या पंखांच्या डोक्याचा. पिळला की काचेच्या कडेवर टेकतो, हवी तिथे थांबते. भोक ९ मिमीच्या काठात नको, तिथे ६ मिमीला जागा पुरत नाही आणि पाण्याला आत यायला आणखी एक वाट मिळेल. तो स्क्रू उंच अँगलच्या वरच्या अर्ध्यातून घ्या, त्याची उंची सोयीची आहे. बंद असताना मात्र यावर भरवसा नको, काचेच्या हँडलला आतून खटका लावा. बोट नांगरावर उभी असताना हँडल ओढून काच वर उचलून काढता येते, आणि मग केबिन उघडीच. ते टाळायला काच आत घातल्यावर वरच्या चॅनलमध्ये ८ मिमी जाडीचे दोन प्लास्टिकचे तुकडे ठोका. काच वर उचलली जाणार नाही, आणि दुरुस्तीला हवी तेव्हा आतून चिमट्याने तुकडे निघतात.